‘आळशी’ मुलाच्या मागच्या बाकावर

‘तोंडी विचारा, सगळं सांगतो; लिहायला बसवलं की पान कोरं.’ अशा मुलाचं निदान घरी आणि शाळेत आधीच झालेलं असतं: आळशी आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचं काम तिथून सुरू होतं, आणि पुष्कळदा वर्गातल्या मागच्या बाकावरून.

फळ्यावरचं वाक्य उतरवताना मूल किती वेळा मान वर करतं, हे तिथे दिसतं. बाकीची मुलं एका नजरेत दोन-तीन शब्द उचलतात. हे मूल एक अक्षर बघतं, लिहितं, पुन्हा फळ्यावर आपली जागा शोधतं. तेवढ्यात फळा पुसला जातो. मग ते पेन्सिलला टोक करायला उठतं आणि शेरा पडतो, ‘लक्ष नाही’.

पण सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासलेले हवेत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लायटनर विटमर यांनी 1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशा अडचणी तपासणारं पहिलं मानसशास्त्रीय केंद्र काढलं. तिथे आलेल्या पहिल्याच, शुद्धलेखन न जमणाऱ्या मुलाच्या नजरेत दोष निघाला. चष्म्याने थोडं सुधारलं. वेगळी शिकवणी मात्र लागलीच.

मग चाचण्या. ‘टमोक’, ‘रिसुळ’ असे निरर्थक शब्द वाचायला देतात. ओळखीचे शब्द पाठ असू शकतात, इथे अक्षरावरून उच्चार जुळवावाच लागतो. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन अवघड जाणं, असलेली अनेक मुलं इथे अडखळतात. 5-8-2-9 हे आकडे उलटे म्हणायला लावले, की ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं कितपत जमतं ते कळतं.

पालक विचारतात ते बुद्ध्यांकाचं. सरासरी 100 धरलेला तो आकडा मला या सगळ्यात सर्वांत कमी बोलका वाटतो. एकाच बुद्ध्यांकाची दोन मुलं अगदी वेगवेगळ्या जागी अडलेली असतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासोबत 1905 मध्ये बुद्धिमत्तेची चाचणी बनवली, ती जादा मदत कुणाला लागेल हे शोधायला. पुढे लोकांनी तिचा शिक्का केला!

अहवालाच्या शेवटी ‘अधिक सराव घ्यावा’ एवढंच असेल, तर तो न लिहिलेला बरा. फळ्यावरचा मजकूर छापून बाकावर द्या, इतिहासाची उत्तरं तोंडी घ्या, असं स्पष्ट लिहिलं तर शिक्षक सोमवारपासून सुरू करू शकतात. काही आठवड्यांनी मानसशास्त्रज्ञ पुन्हा वर्गात येऊन बसतात. फरक नसेल तर उपाय बदलायचा.