सैल झालेला कृत्रिम खुबा : सिमेंटवर आलेला आळ

कृत्रिम खुबा बसवून दहा-पंधरा वर्षं झाली की काही रुग्ण ठरावीक तक्रार घेऊन येतात. खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना मांडीत कळ येते, चालता चालता ती ओसरते. मांडीच्या हाडातला दांडा हलू लागला की असं होतं. वाटी, म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेला खोलगट भाग, सुटली असेल तर दुखणं बहुधा जांघेत असतं. एक्स-रेमध्ये रोपणाभोवती काळी रेघ दिसते, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं असतं. ते कशामुळे विरघळतं याचं उत्तर शोधताना अस्थिशल्यशास्त्राने एक मोठं चुकीचं वळण घेतलं. आज सैल सांध्यावर होणाऱ्या उपचारांवर त्या वळणाची छाप आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या एका शल्यविशारदाने टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती दोन-तीन वर्षांत झिजली, झिजेचा चुरा सांध्याभोवती साठला आणि शेकडो रुग्णांची रोपणं फसली. नोव्हेंबर १९६२ पासून त्याने अधिक घट्ट विणीचं पॉलिथिन वापरायला घेतलं. त्यात दांड्याच्या टोकावरचा, पोलादाचा जेमतेम २२ मिलिमीटरचा गोळा फिरे, आणि वाटी व दांडा दोन्ही दंतवैद्यकात रुळलेल्या अॅक्रिलिकच्या सिमेंटने बसवलेले असत. हे सिमेंट काही चिकटवत नाही. हाडाच्या जाळीत शिरून पकड घेतं. याच शल्यविशारदाने टेफ्लॉनचा आणि नव्या प्लास्टिकचा चुरा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी आल्या, पॉलिथिनच्या जागी आल्या नाहीत. चुऱ्याने शरीर चवताळतं हे १९६३ साली छापून आलेलं होतं. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या दोन दशकांत बहुतेकांना तिचा विसर पडला.

सत्तरच्या दशकात सैल सांधे दुसऱ्यांदा उघडले जाऊ लागले. आत काय दिसे? सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये करडा, लिबलिबीत पापुद्रा, त्यात सिमेंटचे तुकडे आणि ते गिळू पाहणाऱ्या भक्षक पेशी. समोर तुकडे सिमेंटचे, तेव्हा दोषही सिमेंटचाच असा निष्कर्ष निघाला. १९८७ मध्ये एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सिमेंटचा आजार’ हे शब्द आले, पण तोवर निर्णय होऊन गेला होता. विशेषतः अमेरिकेत सिमेंट बाजूला सारून खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागाची रोपणं आली. त्यात हाडच वाढून पकड घेईल, ही कल्पना.

कल्पना चांगली होती आणि पुढे ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. पण ज्या कारणासाठी ती स्वीकारली ते कारण चुकीचं होतं. सिमेंटचा कणही नसलेल्या सांध्यांभोवती हाड तसंच विरघळू लागलं, कधी कधी आधीपेक्षा जास्त. धातूच्या कवचात बसवलेलं पॉलिथिनचं अस्तर पातळ असे, ते लवकर झिजे आणि स्क्रूच्या भोकांतून चुरा थेट हाडापर्यंत पोचे. रुग्णाला काही दुखत नसे आणि एक्स-रेमध्ये पोकळी दिसे. खरा गुन्हेगार होता पॉलिथिनचा मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक कण. भक्षक पेशी तो गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्यांनी सोडलेली रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात.

या सगळ्या काळात स्वीडनने सिमेंट सोडलं नव्हतं. तिथे १९७९ पासून खुबेरोपणाची देशव्यापी नोंद ठेवली जाते. सिमेंट बोटाने दाबून भरण्याऐवजी हाडाची पोकळी धुऊन, तळाशी बूच बसवून, बंदुकीने दाबाखाली भरलं तर दांडे फार कमी सैल होतात, हे त्या नोंदींतून दिसलं. वयस्क रुग्णांत बिनसिमेंटच्या दांड्याभोवती हाड मोडण्याचा धोका जास्त असतो, हेही निरनिराळ्या देशांच्या नोंदींतून पुढे आलं. तरीही ‘सिमेंट म्हणजे जुनं’ हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींसाठी जास्त पैसे मोजून बिनसिमेंटचा सांधा मागणारी मुलं भेटतात, याचं मला वाईट वाटतं.

पॉलिथिन दोषी ठरल्यावर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे किरणोत्साराने रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून कणखर केलेलं पॉलिथिन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे प्लास्टिक खूपच कमी झिजतं. दुसरी वाट धातूवर धातूची, म्हणजे गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे. त्यातलं एक रोपण २०१० मध्ये जगभरातून परत मागवावं लागलं. ते सुमारे ९३,००० रुग्णांत बसलेलं होतं आणि पाच वर्षांत आठांपैकी जवळपास एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागत होती. कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत आणि सांध्याभोवतीचे स्नायू मृत होत. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने लवकर हालचाल केली. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमायला मात्र २०१७ उजाडलं. भरपाईचं सूत्र २०१८ च्या अखेरीस ठरलं, ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये. त्यावर कोर्टकचेरी झाली, आणि बहुसंख्य रुग्ण सापडलेच नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथे खुबा बदलावा लागतो तो बऱ्याचदा तरुण वयात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार (एव्हीएन) हे त्याचं मोठं कारण. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळेही तो होतो. पस्तिशीत बसवलेल्या सांध्याला पुढे चाळीस वर्षं झिजायचं असतं.

सैल सांधा बदलण्याआधी जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावं लागतं. त्यासाठी ईएसआर, सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या आणि सुईने काढलेल्या सांध्यातल्या पाण्याची तपासणी. संसर्ग असेल तर बहुधा दोन टप्पे. सगळं रोपण काढून प्रतिजैविक मिसळलेला सिमेंटचा ठोकळा काही आठवडे ठेवतात, मग नवा सांधा. हाड फार गेलं असेल तर दात्याच्या हाडाचा चुरा ठोकून बसवण्याची पद्धत आहे, आणि त्या चुऱ्यावरही सिमेंटच भरतात.

अवघड ठरतो तो घट्ट राहिलेला दांडा. फक्त वाटी सुटली असेल तर दांडा तसाच ठेवून वाटी आणि गोळा बदलता येतो. पण नवा गोळा त्या दांड्याच्या मानेच्या निमुळत्या टोकावर बिनचूक बसायला हवा, आणि ते माप कंपनीगणिक वेगळं असतं. पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदांवरचे स्टिकर असले तर पाच मिनिटांत उलगडा होतो. आपल्याकडची सांधेरोपणाची नोंद २००६ पासून आहे, पण ऐच्छिक. कागद हरवलेले असले आणि एक्स-रेवरूनही दांडा ओळखता आला नाही, तर कधी कधी मांडीच्या हाडाची उभी खिडकी कापून चांगला रुजलेला दांडा उपसावा लागतो आणि ती खिडकी तारांनी पुन्हा बांधावी लागते.