सीथ्रीआर झालं, मग नजर का नाही सुधारली?

तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, चष्मा लावणाऱ्यांना समजवायला नको. केरॅटोकोनसमध्ये हाच नंबर दर तपासणीला वाढलेला निघतो, कारण डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातली.

खरा घोळ उपचारांचा आहे, त्यातही सीथ्रीआरचा, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करण्याच्या उपचाराचा. “सीथ्रीआर केलं, खर्च झाला, पण दिसतंय तेवढंच!” ही तक्रार ऐकून दर वेळी वाईट वाटतं, कारण आधी कुणीतरी दोन वाक्यं नीट बोलायला हवी होती. सीथ्रीआर आजार थांबवण्यासाठी असतं. नजर मिळते ती लेन्समुळे.

कॉर्निया कोलॅजनच्या तंतूंनी विणलेला असतो आणि या आजारात ती वीण कमकुवत होते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, ती सीथ्रीआरची मूळ पद्धत अशी: कॉर्नियाची वरची साल काढायची, अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब (हे बी-2 जीवनसत्त्वच), मग अर्धा तास अतिनील किरण. तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात, वीण घट्ट होते. आलेला बाक मात्र बराचसा तसाच राहतो. थोडा सपाट झाला तर उत्तम, पण त्या आशेवर सीथ्रीआर करू नये.

आरजीपी (हवा आत जाऊ देणारी छोटी कडक लेन्स) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स) लेन्सचं काम अगदी निराळं. कडक लेन्स आणि वाकड्या कॉर्नियामधली फट पाण्याने भरते, प्रकाशाला पुढे गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि फळ्यावरची अक्षरं स्पष्ट होतात. आजाराला त्याने काहीच अटकाव होत नाही. म्हणूनच “आता दिसतंय ना” म्हणून पोराची तपासणी बंद करणारे आईवडील मला जास्त काळजीत टाकतात. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो. तो 400 च्या खाली गेला, की अतिनील किरण आतल्या नाजूक थराला इजा करू शकतात आणि नेहमीच्या पद्धतीने सीथ्रीआर करता येत नाही.

लेसिकचा, म्हणजे चष्मा घालवण्याच्या लेझर ऑपरेशनचा, सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकूच नका. त्यात आधीच पातळ असलेला कॉर्निया आणखी तासला जातो. आणि डोळे चोळणं आजपासून बंद. खाज येत असेल तर ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून घ्या.

सीथ्रीआरनंतर नंबर काही महिने हलता राहतो. महागड्या लेन्सचं माप देण्याची घाई करू नका, टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, मात्र एकही चुकवू नका.