‘करालाईस’ आणि ‘विंचूला’ : एक शब्द झिजलेला, दुसरा विसरलेला

‘काय करायला लागला आहेस?’ याचं कोल्हापुरात ‘काय करालाईस?’ होतं. ‘विंचवाला’ म्हणायच्या जागी बरेच जण ‘विंचूला’ म्हणतात. दोन्हींवर ‘बोली बिघडली’ असा एकच शिक्का बसतो आणि तिथंच घोळ होतो. पहिला शब्द वापरून वापरून झिजलाय. दुसऱ्याचं जुनं रूप वापर कमी म्हणून विस्मरणात चाललंय.

आधी झीज. सतत तोंडात असलेल्या शब्दाला जीभ सरावते, ऐकणाराही पुढचं ओळखतो, म्हणून अक्षरं गळतात. ‘लागणे’चंच बघा. क्रिया चालू असल्याचं सांगताना ते आक्रसतं, पण ‘ठेच लागली’, ‘नोकरीला लागला’ यात शाबूत राहतं. तेव्हा सुटा शब्द मोजून भागत नाही, तो कोणत्या जोडणीत किती येतो ते मोजावं लागतं. स्वरांमधल्या ‘ह’चंही तसंच : ‘पाहिजे’चं ‘पायजे’, ‘पाहुणा’चा ‘पावणा’. ‘महिमा’ मात्र तसाच राहिला. पण तो निव्वळ कमी वापरामुळं टिकला म्हणणं चूक. तो संस्कृतातून घेतलेला, जपून उच्चारला जाणारा शब्द आहे. तुलना घरगुती शब्दांची घरगुती शब्दांशीच करावी.

नेहमीचे शब्द ध्वनिबदलात पुढं धावतात, क्वचितचे मागं रेंगाळतात, हे भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्टनं १८८५मध्येच मांडलं होतं.

सादृश्यानं, म्हणजे दुसऱ्या ओळखीच्या शब्दाच्या धर्तीवर, होणारा बदल नेमका उलटा चालतो. ‘भावाला’, ‘नातवाला’ ही रूपं रोज कानावर पडतात, म्हणून पक्की आहेत. विंचवाचा विषय निघतो कधीतरी. रूप आठवलं नाही की ‘चाकूला’च्या धर्तीवर ‘विंचूला’ तयार होतं. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ यात मात्र जुनं रूप जसंच्या तसं, कारण म्हण अख्खीच पाठ असते. इंग्रजीतही ‘कीप’चं ‘केप्ट’ टिकलं आणि ‘वीप’च्या ‘वेप्ट’शेजारी ‘वीप्ड’ ऐकू येऊ लागलं. या दोन उलट दिशा भाषाशास्त्रज्ञ जोन बायबी यांनी १९७६मध्ये एकत्र मांडल्या.

शब्दांची मोजणी वर्तमानपत्रावरून करू नये. ‘पावणं’ तिथं क्वचितच सापडेल. यादी वाचून घेतली तर माणूस छापील उच्चार करतो. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर चालतात तशा मोकळ्या गप्पा, परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित कराव्यात. आणि ‘भाऊला’ ऐकू आलं तर लगेच सादृश्याच्या खात्यात टाकू नका : एखाद्याला सगळे भाऊच म्हणत असतील, तर ते विशेषनाम झालं आणि त्याचं ‘भावाला’ होतच नाही.