नाण्यावरचे दाते आणि ‘कलदार’चा घोळ

चांदीचं नाणं अंगच्या चांदीच्या मोलाने चालायचं, तेव्हा त्याची कड कानसून चूर गोळा करणं हा चालता धंदा होता. इंग्लंडात १६६२ नंतर यंत्रावर पाडलेल्या नाण्यांच्या कडेवर दाते किंवा अक्षरं आली ती यासाठीच. दाते झिजवले की चोरी उघडी पडते.

नागपूरच्या भोसल्यांचा रुपया हातोड्याने ठोकलेला, मुघल बादशहाच्या नावाचा. तो पुरता गोल नसे आणि ठसा नाण्याहून मोठा, त्यामुळे अर्धी अक्षरं बाहेरच राहत. त्याची कड कुणी कातरली हे नुसत्या नजरेला कळणं अवघड. म्हणून सराफ तो तोलून, कस पाहून, बट्टा, म्हणजे किमतीतली वजावट, कापून घेई.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात सगळीकडे एकच रुपया आणला. वजन १८० ग्रेन म्हणजे तोळाभर, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, कडेवर दाते. हाच कलदार. आज कलदार म्हणजे दातेरी कडेचं नाणं, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते बरोबर नाही. कल म्हणजे कळ, यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. इंग्रजीतल्या ‘मिल्ड’चंही असंच झालं. मूळ अर्थ यंत्रावरचं नाणं, पुढे तो नुसत्या दात्यांना चिकटला. कंपनीचा तांब्याचा पाव आणाही यंत्रावरचाच होता, पण त्याची कड गुळगुळीत, कारण तांबं किसून हाती काय लागणार? नागपुरात इतवारीच्या सराफ्यात जुना रुपया दाखवायला नेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

खरं वळण १९४० चं. युद्धकाळात रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली आणि त्याच वेळी कडेच्या मधोमध चर पाडून त्यात नक्षी भरली. पुढच्या काही वर्षांत जुने पूर्ण चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. पूर्वीचे दाते रुपया घेणाऱ्याची चांदी राखत. ही नवी कड खोटी नाणी पाडणाऱ्यांना अडवण्यासाठी होती. लोकांच्या हातची चांदी कमी झाली ती सरकारी हुकमानेच, आणि तिथे कुठलीही कड कामाची नव्हती.

१९९२ च्या पाच रुपयांच्या जाड नाण्यावर तशीच चराची कड परत आली. स्टीलची नाणी कुणी किसत नाही, तरी दाते टिकले, कारण न पाहता नाणं ओळखायला बोटांना त्यांचा आधार होतो. दृष्टिहीनांना सोयीची म्हणून २०१९ मध्ये जी नाणी जाहीर झाली, त्यांतल्या वीस रुपयांच्या नाण्याला मात्र दाते नाहीत. ते बारा बाजूंवरून ओळखायचं.