कसावा, सायनाइड आणि गंधकाची टंचाई

कुपोषण म्हणजे उपासमार, असे आपण सरसकट धरून चालतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य भागात आणि उत्तर मोझांबिकमध्ये आढळणारा कोंझो हा विकार मात्र ताटात रोज अन्न असणाऱ्यांनाही गाठतो. धडधाकट मुलाचे किंवा तरुण स्त्रीचे दोन्ही पाय एकाएकी ताठरतात आणि ते अपंगत्व जन्मभर राहते. 1981 मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा हजाराहून अधिक जणांना याने ग्रासले. हान्स रोसलिंग हे स्वीडिश डॉक्टर त्या वेळी तेथे काम करत होते आणि या विकाराच्या शोधात त्यांचा मोठा वाटा आहे.

याचे मूळ कडू कसाव्यात आहे. या कंदात लिनामारिन नावाचे संयुग असते. कंद चिरला, ठेचला किंवा भिजत घातला की पेशी फुटतात, त्यांच्यातील लिनामारेज हे विकर (एन्झाइम) लिनामारिनपर्यंत पोहोचते, आणि त्याच्या विघटनातून अखेरीस हायड्रोजन सायनाइड वायू सुटून हवेत निघून जातो. म्हणूनच तेथील स्त्रिया कंद तीन-चार दिवस पाण्यात मुरवून मग वाळवतात. दुष्काळात कंदातील विष वाढते आणि घाईमुळे मुरवण्याचे दिवस मात्र घटतात.

उरलेले सायनाइड शरीर निमूटपणे सोसत नाही. ऱ्होडानेज हे विकर त्याला गंधकाचा अणू जोडून तुलनेने सौम्य असे थायोसायनेट बनवते, आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. हा गंधक मेथिओनिन व सिस्टीन या अमिनो आम्लांतून, म्हणजे आहारातील प्रथिनांतून येतो. कसाव्यात प्रथिने नाममात्र असतात; त्यामुळे घेवडा, मासळी ताटातून गेली की विष येत राहते आणि उतारा संपतो. कोंझोला कुपोषणाचा आजार म्हणायचे ते याच कारणाने. ‘नैसर्गिक ते निर्धोक’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही साखळी जरूर समजून घ्यावी. आपला साबुदाणाही कसाव्याचाच, पण कंद सोलून, किसून, धुऊन त्यातले केवळ पिष्ट घेतले जात असल्याने त्याची धास्ती नको.

ऑस्ट्रेलियातील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवलेला उपाय याच रसायनावर बेतलेला आहे. कसाव्याचे पीठ पाण्यात कालवून त्याचा पातळ थर उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास पसरून ठेवायचा. पिठात उरलेले विकर उरलेल्या लिनामारिनचा निकाल लावते आणि सायनाइड उडून जाते. नंतर त्याच दिवशी ते पीठ नेहमीप्रमाणे शिजवायचे. काँगोतील पोपोकाबाका भागात गावातील स्त्रियांना ही रीत शिकवली गेली, तेव्हा मुलांच्या लघवीतील थायोसायनेट उतरले. अर्थात, ओले पीठ विष काढते, गंधक पुरवत नाही. त्यासाठी घेवडा आणि मासळी ताटात यावीच लागते.