ॲटलस घ्यायचा की स्मार्ट टीव्हीवर नकाशा दाखवायचा? भूगोलाच्या सर-मॅडमसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

जून उजाडला की आमच्या कराडच्या दुकानात एकच प्रश्न दिवसातून दहादा येतो, की आता वर्गात स्मार्ट टीव्ही आलाय, मुलांच्या घरी मोबाईल आहे, मग ॲटलस कशाला घ्यायचा आणि भिंतीवरच्या नकाशाकडे तर आता बघतंय कोण. आम्ही नकाशे, ॲटलस आणि पृथ्वीगोल विकतो, त्यामुळे आम्ही "घ्याच" म्हणणार असं तुम्हाला वाटणार हे साहजिक आहे. म्हणून हे पत्रक नीट बसून लिहिलंय, आणि काय घ्या याच्यासोबत काय घेऊ नका हेही त्यात सांगितलंय.

आमचं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही लागतात, पण क्रम पाळा. आधी ॲटलस, मग स्क्रीन आणि शेवटी कोरा आराखडा नकाशा (नुसती सीमारेषा छापलेला) आणि पेन्सिल. उलटं केलं, म्हणजे पहिल्यांदा स्क्रीन लावली, की मुलं झूम करत करत कुणाच्या तरी घराच्या पत्र्यापर्यंत जातात, सगळे "अरे भारी" म्हणतात, तास संपतो आणि ते गाव महाराष्ट्राच्या कुठल्या बाजूला होतं ते कुणालाच सांगता येत नाही. ॲटलसच्या पानाला कडा असतात, पान मोठं होत नाही की छोटं होत नाही, कोकण डावीकडे ते डावीकडेच राहतं, त्यामुळे डोक्यात एक चौकट तयार होते आणि ती झाल्यावरच झूम करण्याला अर्थ आहे.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. ॲटलसमध्ये कराडवर बोट ठेवलं तर दोन निळ्या रेषा एकत्र येतात एवढंच दिसतं. मुलांना विचारा की या दोन रेषा मागे मागे कुठे जातात, बोट फिरवा. एक कृष्णा, माहुली, वाई करत वर जाते, दुसरी कोयना, पाटण, हेळवाक करत जाते आणि हेळवाकला एकदम उत्तरेला वळते, आणि दोन्ही बोटं शेवटी महाबळेश्वरलाच जाऊन पोचतात! म्हणजे एकाच पठारावर जन्मलेल्या दोन नद्या सह्याद्रीच्या एका रांगेच्या दोन बाजूंनी उतरून पुन्हा आपल्या कराडात भेटतात. हे मुलांचं स्वतःचं स्वतः शोधून होऊ द्या, आपण सांगायचं नाही. मग टीव्हीवर उपग्रहाचं चित्र लावा आणि प्रीतिसंगम दाखवा, तिथे दिसतं की दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात पूर्वेला वळतात. ॲटलसमध्ये हे कधीच दिसणार नाही कारण तेवढी जागाच नाही, आणि स्क्रीनवर महाबळेश्वर आणि कराड एका नजरेत धरायला गेलं तर संगम ठिपक्याएवढा होतो. दोघांचं काम वेगळं आहे ते असं.

हिरवा रंग म्हणजे झाडी नाही

ही चूक आम्ही दुकानात सुद्धा रोज ऐकतो, मोठ्या माणसांकडून पण. प्राकृतिक नकाशात हिरवा म्हणजे कमी उंचीचा भाग, पिवळा त्याहून उंच, तपकिरी डोंगर. रंग उंचीचे आहेत, झाडांचे नाहीत. मुलांच्या मनातली ही गोष्ट काढायला कच्छचं रण फार चांगलं. ॲटलसमध्ये ते हिरवंगार दिसतं कारण ते समुद्रसपाटीच्या जवळ आहे, मुलांना विचारा तिथे काय असेल, बहुतेक जण शेती किंवा जंगल म्हणतील, आणि मग उपग्रहाचं चित्र उघडा, पांढरंफटक मीठ. एकदा हे बघितलं की मूल आयुष्यात सूची (रंग-खुणांचा अर्थ सांगणारा तक्ता) वाचल्याशिवाय नकाशाला हात लावणार नाही असं आम्हाला मनापासून वाटतं.

नकाशा मोठा केला की प्रमाण बदलतं (आमच्या हातून झालेली चूक)

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात आम्हीच चुकलो होतो. एका शाळेला त्यांच्या परिसराचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा (डोंगर, ओढे, रस्ते, वस्ती सगळं दाखवणारा) भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता, आम्ही तो चौपट मोठा करून फ्लेक्सवर छापून दिला, रंग सुंदर आले, सर खूश. पण खाली कोपऱ्यात १:५०,००० हे अंकप्रमाण तसंच छापलं गेलं. सरांनी वर्गात शाळेपासून पाझर तलावापर्यंतचं अंतर मोजायला लावलं, पट्टीवर आलं १६ सेंटीमीटर, १ सेंटीमीटरला ५०० मीटर म्हणजे ८ किलोमीटर. एक मुलगी उठून म्हणाली, सर आमचं घर तलावाच्या कडेलाच आहे, मी रोज चालत येते, अर्धा तास लागतो. बरोबर होतं तिचं. नकाशा चौपट झाला म्हणजे प्रमाण १:१२,५०० झालं, १ सेंटीमीटरला १२५ मीटर, आणि अंतर २ किलोमीटर. आम्ही तो फ्लेक्स बदलून दिला आणि तेव्हापासून मोठ्या केलेल्या नकाशावर फक्त रेषाप्रमाण, म्हणजे अंतराची छापील पट्टी, ठेवतो, कारण नकाशासोबत ती पट्टी पण तेवढीच मोठी होते आणि खरी राहते.

हेच टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर लागू आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी रेघ असते, झूम केलं की तिचा आकडा बदलतो, १० किलोमीटरची ५ होते, ५ ची २. शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण हा धडा तीन व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्या रेघेकडे बोट दाखवून शिकवा, पंधरा मिनिटांत होतो.

एका रंगात अख्खा जिल्हा

नववीला वितरणाचे नकाशे आहेत, टिंब पद्धत (ठिपके देऊन), क्षेत्रघनी (अख्खा भाग एका छटेत रंगवून), सममूल्य (सारख्या आकड्याच्या जागा रेषेने जोडून). मुलांना क्षेत्रघनी सगळ्यात सोपी वाटते, जिल्हा रंगवला की झालं. इथे आपला सातारा जिल्हा कामाला येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडीकडे, माण तालुक्यात ५०० च्या आसपास, सरळ रेषेत अंतर १०० किलोमीटर सुद्धा नाही. आता पावसाचा जिल्हावार क्षेत्रघनी नकाशा काढला तर या दोघांना एकच रंग मिळणार, आणि माणमधल्या पोरांना ते लगेच पटत नाही, पटू पण नये. मग समपर्जन्य रेषांचा (सारख्या पावसाच्या जागा जोडणाऱ्या) नकाशा समोर ठेवा, पश्चिमेला रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि पूर्वेला सुट्या सुट्या, कुठल्या माहितीला कुठली पद्धत हे तिथल्या तिथे कळतं.

आणि हा पाऊस असा का, याच्यासाठी कॉम्प्युटरवरचं गूगल अर्थ प्रो वापरा, ते फुकट आहे. चिपळूणपासून कराडपर्यंत एक रेघ ओढून सेव्ह करायची, तिच्यावर राईट क्लिक करून एलिव्हेशन प्रोफाइल उघडायचं, खाली जमिनीचा छेद येतो. चिपळूणला जवळजवळ तळाला, मग सह्याद्री भिंतीसारखा उभा, आणि पलीकडे कराडकडे निवांत उतार. फक्त एक सांगायला विसरू नका की त्या आलेखात उंची ताणून दाखवलेली असते, आडव्या आणि उभ्या अंतराचं प्रमाण एक नसतं, नाहीतर मुलांना वाटतं कुंभार्ली घाट खरंच सुळक्यासारखा आहे.

दहावी, भारत आणि ब्राझील

दहावीला ब्राझील आल्यापासून दक्षिण अमेरिकेच्या भिंतीवरच्या नकाशाची मागणी खूप वाढली. घ्या, पण त्याआधी पृथ्वीगोल बाहेर काढा. मोबाईलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणातले असतात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक रीत, १५६९ मध्ये जहाजं चालवणाऱ्यांसाठी केलेलं, दिशा बरोबर येते पण ध्रुवांकडे जावं तसं क्षेत्रफळ फुगत जातं. त्यात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे, आणि आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे हे सांगितलं की मुलं विश्वास ठेवत नाहीत, मग गोलावर दाखवायचं. द ट्रू साइज नावाची एक साईट आहे, तिथे देश उचलून दुसऱ्या देशावर ठेवता येतो, भारत उचलून ब्राझीलवर ठेवा. ब्राझील ८५ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२.८७ लाख, म्हणजे अडीच पटीपेक्षा थोडं जास्त, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आकडा लक्षात ठेवायला लागत नाही.

ब्राझीलमध्ये दोन जागा जरूर दाखवा. पहिली मनाउस, तिथे काळ्या पाण्याची रिओ निग्रो आणि मातकट पाण्याची सोलिमॉइस भेटतात आणि कितीतरी किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात, वरून सरळ दोन रंग दिसतात. ज्यांनी प्रीतिसंगम बघितलाय त्या पोरांना हे दाखवताना वेगळीच मजा येते. दुसरी रोंडोनिया राज्य, पश्चिमेला. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची चित्रं आहेत, सुरुवातीला बरंचसं जंगल, मग मुख्य रस्त्यापासून काटकोनात फुटलेल्या वाटा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी तोडलेली झाडं, अख्खं चित्र माशाच्या काट्यासारखं दिसतं. "जंगलतोडीची कारणे लिहा" याचं उत्तर मुलं त्यानंतर स्वतःच्या शब्दांत लिहितात.

हे झालं की टीव्ही बंद करा आणि ब्राझीलचा आराखडा नकाशा वाटा, ॲटलस मिटलेला. विषुववृत्त, मकरवृत्त, ॲमेझॉन, मनाउस, ब्राझीलिया. बोर्डाच्या पेपरात नकाशा कागदावरच भरायचा असतो, तिथे झूम नाही.

जुना नकाशा टाकू नका, पण तारीख बघा

शाळेच्या कपाटातला भारताचा राजकीय नकाशा आज बाहेर काढा आणि या गोष्टी तपासा. तेलंगण आहे का (२ जून २०१४). महाराष्ट्रात पालघर धरून ३६ जिल्हे आहेत का (१ ऑगस्ट २०१४). लडाख वेगळं आहे का (३१ ऑक्टोबर २०१९). दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आहेत का (२६ जानेवारी २०२०), म्हणजे २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. जिल्ह्यांची छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं आहेत का. जगाच्या नकाशात दक्षिण सुदान हवा, २०११ चा. यातली एखादी जरी गोष्ट नसेल तर राजकीय नकाशा नवीन घ्या, पण प्राकृतिक नकाशा जुना असला आणि फाटला नसला तर नवीन घेऊ नका, डोंगर आणि नद्या तिथेच आहेत, आम्ही जुन्या नकाशाला कापडी पाठ आणि नवीन दांडे लावून देतो, स्वस्तात होतं. आणि जुना राजकीय नकाशा पण ठेवा, नव्याशेजारी लावून "काय काय बदललं ते शोधा" हा एका तासाचा छान उपक्रम होतो.

सीमेबद्दल मात्र काळजी घ्या. परदेशी साईटवर आपली उत्तरेची सीमा बऱ्याचदा तुटक रेषेत किंवा चुकीची असते. आपल्याकडे भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशाप्रमाणेच दाखवायची असते, चुकीची छापणं गुन्हा आहे, म्हणून प्रदर्शनासाठी नेटवरून भारताचा नकाशा काढून आमच्याकडे छापायला आणलात तर आम्ही तो छापत नाही, राग मानू नका. देश दाखवायचा असेल तर इस्रोची भुवन ही नकाशांची साईट वापरा, २००९ पासून आहे.

आपल्या गावाचा नकाशा

पैसे न घालवता मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या गावाचा १:५०,००० चा नकाशा. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या साईटवर रजिस्टर केलं की ओपन सिरीजचे (सगळ्यांसाठी खुले) नकाशे फुकट डाऊनलोड होतात. जुन्या मालिकेत पुण्याच्या नकाशाचा नंबर ४७ एफ/१४, नव्या मालिकेत नंबर बदललेत. एका पानावर १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश (म्हणजे पाव-पाव अंश) एवढा भाग मावतो, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, पाणी निळं, जंगल हिरवं (इथे मात्र हिरवा म्हणजे खरंच झाडी, हे पण मुलांना सांगा). आपल्या शाळेमागची टेकडी समोच्च रेषांमध्ये ओळखता आली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

नेटचं म्हणाल तर खेड्यातल्या शाळांना आमचा सल्ला, तासाला थेट नेटवर अवलंबून राहू नका. आदल्या दिवशी रेंज असेल तिथे बसून लागणारी सहा-सात चित्रं स्क्रीनशॉट काढून ठेवा, लांबून, जवळून, अजून जवळून, अशी क्रमाने.

घेताना काय बघायचं

ॲटलस दोन मुलांत एक पुरतो, उलट बरंच, बोलून बोलून शोधतात. शेवटी स्थळसूची असलेलाच घ्या, अक्षांश-रेखांशासकट, आणि पहिल्या आठवड्यात ती वापरायला शिकवा कारण वर्णमालेचा क्रम नववीच्या मुलांना सुद्धा आठवत नाही हे आम्ही बघितलंय. प्रत्येक नकाशाला प्रमाण आणि सूची हवी, नसेल तर तो ॲटलस स्वस्त असला तरी परत ठेवा. चकचकीत लॅमिनेशनचा भिंतीवरचा नकाशा खिडकीसमोर चमकतो आणि मागच्या बाकांना काहीच दिसत नाही, मॅट घ्या. पृथ्वीगोल ३० सेंटीमीटरच्या आतला वर्गाला उपयोगाचा नाही.

गावाचा नकाशा मोठा करून हवा असेल तर गावाच्या नावासोबत तालुका आणि शेजारच्या दोन गावांची नावं चिठ्ठीवर लिहून आणा, कारण एकाच नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि कुठल्या भिंतीवर लावणार तिची रुंदी मोजून आणा.