संघ शहराचा, सातबारा मालकाचा

‘नवं स्टेडियम बांधून द्या, नाहीतर आम्ही निघालो.’ अमेरिकेतल्या संघमालकांची ही धमकी इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. तसं नाही. १९०३ नंतर तब्बल ५० वर्षं मेजर लीग बेसबॉलच्या एकाही संघाने शहर बदललं नव्हतं.

ही घडी मोडली १९५३ मध्ये. बॉस्टनच्या ब्रेव्ह्ज संघाला आदल्या हंगामात घरच्या सगळ्या सामन्यांना मिळून २,८१,२७८ प्रेक्षक आले होते. मिलवॉकीत सरकारी पैशातून स्टेडियम उभं राहिलं होतं. संघ तिकडे गेला आणि पहिल्याच वर्षी १८ लाखांवर लोक लोटले. ब्रुकलिन डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली हे बघत होते. त्यांचं एबेट्स फील्ड १९१३ चं, जेमतेम ३२ हजार जागांचं. नवं स्टेडियम स्वखर्चाने बांधायला ते तयार होते, फक्त मोक्याची जागा शहराने मिळवून द्यावी एवढं मागणं. न्यूयॉर्कची सारी बांधकामं मुठीत ठेवणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांनी ते धुडकावलं. १९५७ चा हंगाम संपताच डॉजर्सनी लॉस अँजेलिस गाठलं. ब्रुकलिनकरांनी शिव्याशाप दिले ते ओमॅलींना. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा मोझेस यांचा. लॉस अँजेलिसने दिलेली चावेझ रविनची जमीनही काही ओसाड माळ नव्हती. सरकारी घरं बांधायची म्हणून तिथल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना आधीच उठवलं होतं; ती घरं झालीच नाहीत. जी थोडी कुटुंबं मागे उरली, त्यांना १९५९ मध्ये पोलिसांनी बाहेर काढलं.

मालकांच्या हातातला खरा हुकूम वेगळाच. किती संघ असावेत हे लीग ठरवते, म्हणजे संघ मोजके आणि इच्छुक शहरं भरपूर. संघाविना राहिलेलं एखादं शहर नकाशावर असलं की बाकीच्या शहरांच्या महापौरांना झोप लागत नाही. इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसने तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, हाताशी (अमेरिकन) फुटबॉल संघ नसताना, ६० हजार जागांचं हूझियर डोम हे स्टेडियम बांधायला घेतलं. काही पैसा देणग्यांचा, बाकीच्यासाठी बाहेरच्या खाण्यापिण्यावर १ टक्का कर. मांडव घातला, नवरदेव नंतर शोधू!

नवरदेव मिळाला बाल्टिमोरमध्ये. तिथल्या कोल्ट्स या फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट इर्से यांचं स्टेडियमवरून शहराशी बिनसलेलं. संघ जातोय म्हटल्यावर बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडच्या विधिमंडळात एक विधेयक पुढे सरकलं: रस्त्यासाठी जमीन संपादित करतात तसा संघच संपादित करायचा. हे कळताच २८ मार्च १९८४ च्या रात्री मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक आले, आणि पहाटेपर्यंत सगळा बाडबिस्तरा इंडियानाच्या वाटेला लागला.

मागे राहिला तो कोल्ट्सच्या सामन्यांत वाजणारा बँड. त्यांचे गणवेश नेमके त्या रात्री ड्रायक्लीनरकडे होते, म्हणून वाचले. नंतर ते काही काळ चक्क एका कबरस्तानात लपवून ठेवले. संघ नसलेला हा बँड पुढची बारा वर्षं वाजतच राहिला: मिरवणुकांत, दुसऱ्या संघांच्या सामन्यांत, आणि स्टेडियमसाठी पैसे मंजूर व्हावेत म्हणून राज्याच्या राजधानीत आमदारांसमोरही. १९८७ मध्ये मेरीलँडने पैसे मंजूर केले. कुठून? लॉटरीतून.

त्याच सुमारास अमेरिकी संसदेने मालकांची ही चैन थांबवायचा प्रयत्न केला होता. शहरं स्टेडियमसाठी करमुक्त रोखे (ज्यांच्या व्याजावर कर नाही असे कर्जरोखे) काढत, त्यामुळे कर्ज स्वस्त पडे. १९८६ च्या कायद्याने अट घातली की खाजगी वापराच्या अशा बांधकामाच्या कर्जफेडीतला १० टक्क्यांहून जास्त पैसा त्या बांधकामाच्या कमाईतून आला, तर करसवलत गेली. हिशोब असा की स्टेडियमचं सगळं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडण्याएवढं खुळं शहर असणार कुठे? शहरांनी ते केलं. कर्ज शहराच्या करांवर गेलं आणि कमाई मालकाकडे राहिली.

या धंद्यातला ठळक अपवाद ग्रीन बे गावच्या पॅकर्स या फुटबॉल संघाचा. १९२३ पासून तो संघ गावकऱ्यांच्या भागभांडवलावर चालतो. आज भागधारक पाच लाखांवर, लाभांश शून्य. बाकी कुणाला हा मार्ग धरता येऊ नये, असा फुटबॉल लीगचा नियमच आहे. तरी स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी तिथेही २००० मध्ये अर्धा टक्का विक्रीकर लागलाच.

बाल्टिमोरकडे मंजूर पैसा होता, संघ नव्हता. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलंड ब्राउन्स या फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ घेऊन बाल्टिमोरला येत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी ब्राउन्सच्याच स्टेडियमच्या डागडुजीसाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवायला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली. मालक गेलेला, कर मात्र मंजूर.

क्लीव्हलंडकरांनी इतका गदारोळ केला की लीगला तडजोड करावी लागली: नाव, रंग आणि जुने विक्रम शहराकडे राहतील, खेळाडू आणि करार बाल्टिमोरला जातील. क्लीव्हलंडने नवं स्टेडियम बांधलं तेव्हा १९९९ मध्ये ब्राउन्स नावाचा नवा संघ मिळाला. तोवर बाल्टिमोरमध्ये मॉडेल यांचा संघ रेव्हन्स या नावाने खेळत होता. १९९८ मध्ये लॉटरीच्या पैशावरचं स्टेडियम उघडलं, आणि त्याच वर्षी त्या जुन्या बँडने कोल्ट्सचं नाव उतरवून रेव्हन्सचा जांभळा गणवेश चढवला.